सातव्यासाठी प्रार्थना

पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग नवऱ्यानं, मग चर्चच्या मंडळीतल्या चौघांनी. एवढ्या हातांच्या भारानं तिची मान खाली गेली.

“प्रभू, हिची कूस पुन्हा उघड. या घरात सातवं लेकरू दे.”

“आमेन,” तीही म्हणाली. न म्हणून चालण्यासारखं नव्हतं.

सहा लेकरं आतल्या खोलीत कोंबून बसवली होती. सहाव्याच्या वेळी तिला ऑपरेशनला नेताना तिनं डॉक्टरीणबाईंना हळूच सांगितलं होतं, नळ्याही बांधून टाका. शेजारी सासू उभी होती. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आपल्या मुलाला खाली औषधं आणायला पिटाळलं. पुढं दोघींनी हा विषय कधी काढला नाही.

नवरा वायरमन. साधा, निर्व्यसनी. दर लेकरागणिक मंडळीत त्याचा मान वाढत गेला होता.

“तीन वर्षं झाली,” पाळक म्हणाले. “या घरात कुठंतरी पाप दडलंय. ते बाहेर आल्याशिवाय प्रभू ऐकायचा नाही.”

नवरा तिच्या कानाशी वाकला. “काही असेल तर बोल गं. मी रागावणार नाही.”

तो ओरडला असता तर तिनं सोसलं असतं. या मऊ बोलण्यानं तिचा धीर सुटला. तिनं तोंड उघडलं.

“पाप माझं आहे,” कोपऱ्यातून सासू म्हणाली.

सगळे वळले.

“आठ लेकरं झाल्यावर मी रोज गुडघे टेकून एकच मागायची. देवा, आता पुरे कर. त्याच्या देण्याला मी नको म्हटलं. त्याचंच हे फळ असेल.”

पाळक गडबडले. “तेव्हा तुमचे हाल होते, आजी. देव क्षमा करतो.”

“क्षमा कुणी मागितली?”

नवऱ्याचा हात तिच्या डोक्यावरून निघाला.

“आई, नववा मी.”

“ठाऊक आहे.”

“मग मी झाल्यावर?”

“झाल्यावर पाजलं तुला. टाकून थोडीच देणार होते?”

पाळकांनी घाईघाईनं आमेन म्हटलं. माणसं खाली मान घालून चपला शोधू लागली. खुर्चीत बसल्या बसल्या तिनं सासूकडं पाहिलं. सासू भिंतीकडं बघत होती. वाचवायला म्हणून बोलली, पण खोटं एक अक्षरही बोलली नव्हती.

आत एक लेकरू रडायला लागलं. ती उठली नाही. सासूही उठली नाही. शेवटी नवरा गेला.

दार ढकलल्याचा आवाज आला, मग त्याचा.

“कोण रडतंय?”

चौथी रडत होती. तिला ते खुर्चीतूनच कळलं होतं. तिनं सांगितलं नाही.