झेंडा तिथे किल्ला

“दोनशे सत्तेचाळीस,” सार्जंट ओल्मोसने दोराचं टोक तोमासाच्या उंबऱ्याला टेकवलं. “कोस भरायला अजून तीन दोर हवेत, साहेब. घर आत येतंय.”

कॅप्टन सोरोंदोने हुकूम वाचून दाखवला. किल्ल्याचा झेंडा रोवल्यानंतर त्याच्यापासून कोसभराच्या आत जे घर बांधलं जाईल, ते पाडावं. किल्ला पाच वर्षांचा होता, तोमासाचं घर दोन वर्षांचं. पांपाच्या गवताळ माळावरून जनावरं हाकत नेणारे गुराखी तिच्या विहिरीवर थांबत आणि तिच्याकडची जिन पीत. गेल्या महिन्यात दोन शिपाईही तिथे प्यायले आणि तिथूनच पळाले. कॅप्टन राजधानीतून आलेला, नियमाचा पक्का माणूस. नियमात बसेल तेवढाच दुष्टपणा करायचा, पण तेवढा पुरेपूर करायचा.

अकरा वर्षं छावणीमागून छावणी पलटणीचे कपडे धुऊन तोमासाने ते घर उभं केलं होतं. तिने दोर चिमटीत धरला. दवाने तो गच्च भिजला होता.

“कॅप्टन, कच्चं चामडं भिजलं की लांबतं, हे इथं वासरालाही कळतं. दुपारी मोजा.”

“नाही मोजलं तर?”

विहिरीपाशी तीस गुराखी बसले होते. दोर त्यांनीही मोजले होते. एकाने सुरी काढून नखं कोरायला घेतली.

दुपारपर्यंत दोर सुकून आखडला. आकडा आला दोनशे चोपन्न.

“चार दोरांनी वाचलीस, म्हातारे.”

“चार दोर म्हणजे थोडे नाहीत. तुमच्या मापाचे चाळीस कॅप्टन आडवे झोपतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीवर आडवा पडून झेंड्याचा खांब आला. मागे डोक्यावर भांडीकुंडी घेऊन अख्खी पलटण.

“घर हलत नाही ना? मग किल्ला हलेल,” कॅप्टन म्हणाला. “झेंडा जिथे, किल्ला तिथे, आणि एकदा तो हलवायचा अधिकार कॅप्टनला. असा नियमच आहे.”

तोमासाच्या दारापासून पंधरा पावलांवर खांब रोवला गेला. बिगुल वाजला, सलामी झाली. शिपायांनी कुदळी उचलल्या. तोमासा उंबऱ्यावरून उठली नाही.

“आधी हुकूम वाचा. काल वाचला होतात, आज का नको?”

कॅप्टनने वाचायला घेतलं. ‘झेंडा रोवल्यानंतर’पाशी त्याचा आवाज बसला.

“कधी रोवला झेंडा?” तोमासाने विचारलं.

“आत्ता.”

“आणि घर?”

“दोन वर्षं झाली, साहेब,” ओल्मोसने इमानदारीत सांगितलं.

“उपटा तो खांब.”

“सलामी दिलेला झेंडा दुसऱ्यांदा मंत्रालयाच्या परवानगीशिवाय उतरवता येत नाही, साहेब. तुम्हीच शिकवलंत.”

परवानगीसाठी पत्र गेलं. उत्तराला चौदा महिने लागले. तोवर शिपायांच्या बायका आल्या, लोहार आला, खाटीक आला, खोगीर शिवणारे दोघे भाऊ आले. कोसाच्या आत नवं घर बांधायला मनाई होती. जुन्या गोठ्यात राहायला नव्हती. तोमासाचा गोठा ऐसपैस. लोकांनी त्यातच आडोसे घातले, चुली मांडल्या. पाद्रीबाबा वासरांच्या कोपऱ्यात प्रार्थना घेऊ लागले. खाटकाच्या पोरीचं लग्नही तिथंच लागलं. कॅप्टन रोज खांबाखाली उभा राहून नियम मोडणारा शोधायचा. एकही सापडत नसे.

अखेर उत्तर आलं. झेंड्याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. सरहद्दीवर गुरांच्या व्यापाराचं गाव वसवल्याबद्दल मंत्रालयाने कॅप्टनचं अभिनंदन केलं होतं, त्याला तहहयात तिथंच नेमलं होतं आणि गावाचं नाव कळवायला सांगितलं होतं.

नाव तोमासानेच सुचवलं.

“सोरोंदो ठेवा,” ती म्हणाली. “तुम्हाला रोज उठून गावाला शिव्या घालायच्या, तर निदान योग्य माणसाला लागू देत.”