चक्रवाकाचं पुस्तक

फाल्गुन लागला तसे वैजयंतीचे पाय घरात ठरेनात. भर दुपारी ती पुन्हा गच्चीवर जाऊन आली, तेव्हा तिचा नवरा श्रीरंग वैतागला.

“सगळी सोसायटी घारीचं पुस्तक वाचून उडायला शिकली. तुलाच चक्रवाकाचं कशाला हवं होतं?”

“चित्रं छान होती. ओळींवरून बोट फिरवलं की पक्ष्याचं उडणं अंगात उतरतं, एवढंच ठाऊक होतं. त्याची परतीची ओढही उतरेल, हे कुणी सांगितलं होतं?”

घार इथेच घिरट्या घालते. चक्रवाक मात्र थंडी सरली की हिमालयापार निघून जातो.

श्रीरंगने तिचे पाठीला बांधायचे पंख कपाटात कोंबले आणि किल्ली खिशात टाकली. “पाऊस सुरू होईपर्यंत मिळायचे नाहीत.”

वैजयंती आत गेली. चार वर्षांची रेवा उत्तरेला डोकं करून झोपली होती. तसं झोपू नये म्हणून तिने लेकीला पूर्वेकडे वळवलं. रेवा झोपेतच सरकत सरकत परत उत्तरेकडे झाली.

दारातून श्रीरंग बघत होता. “हिच्यासमोर वाचलंस?”

“अक्षरं शिकेल म्हणून ओळींवरून तिचंही बोट फिरवत होते रे.”