सैल हात

"हात सैल सोडा ना, काका," थेरपिस्ट मृण्मयी पुन्हा म्हणाली.

यशवंतरावांच्या दंडावर थेरपीच्या यंत्राचा पट्टा होता; त्यातून वायरीमार्फत त्यांच्या स्नायूंचा सैलपणा शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोच्या, हेमलताबाईंच्या हातात उतरायला हवा होता. पक्षाघातानंतर बाईंची डावी मूठ अशी आवळली होती, की नखं तळव्यात रुतत. पण मूठ काही उघडेना.

"सोडलाय की!" यशवंतराव म्हणाले.

"नाही, काका. तुमचाच हात ताठलाय."

हेमलताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या आजारी पडल्यापासून ते रात्र रात्र त्यांचा श्वास ऐकत जागे राहत.

"अहो," त्या अडखळत म्हणाल्या, "मी आहे ना इथे. जरा टेका."

यशवंतराव खुर्चीत मागे टेकले. त्यांचे डोळे भरून आले, मग मिटले आणि थोड्या वेळानं ते चक्क घोरू लागले.

तशी हेमलताबाईंची बोटं हळूहळू उलगडली. आतला तळवा पांढरा पडला होता, ओलसर होता. त्या स्वतःच्या हाताकडे बघतच राहिल्या. मृण्मयी नेलकटर घेऊन पुढे सरकली.

"त्यांना उठवू नकोस गं," हेमलताबाई कुजबुजल्या. "नखं अगदी सावकाश काप."