डावा गुडघा

"ही गाडी रोह्यालाच जाते ना?"

वडखळ सोडल्यापासून मोरूने तिसऱ्यांदा विचारलं. आईला भलत्याच गाडीत बसवलं तर, हा त्याला घोर. कंडक्टरने तिसऱ्यांदाही शांतपणे मान डोलावली.

गिरजाबाई काठी धरून खिडकीशी बसल्या होत्या. नागोठण्याला मोरूने त्यांना बाटलीतलं पाणी पाजलं, पदर सावरून दिला. शेजारची बाई म्हणाली, असा मुलगा मिळायला नशीब लागतं.

"व्हय गो," गिरजाबाई म्हणाल्या.

मोरूने चाळिशी गाठली तरी ना लग्न केलं, ना कुठे नोकरी धरली. तरुणपणी एकदा तो कुणाला न सांगता धरमतरच्या जेट्टीवर दिवसभर जाऊन बसला होता. परतला, तर आईचा डावा गुडघा धरलेला. तेव्हापासून त्याने तिला एकटं सोडलं नाही.

पण आता गिरजाबाई खरंच थकल्या होत्या. रोह्याची सून शांती ठेवून घेईल का, एवढीच धाकधूक होती. तिचा नवरा, धाकटा मुलगा दत्तात्रेय, कंपनीत शिफ्टला जायचा; सगळा भार शांतीवरच पडणार होता.

शांतीने दार उघडलं तेच लंगडत. उजवा पाय टेकवत नव्हती.

"आई, माझाच गुडघा धरलाय. मलाच बघायला कोण नाय."

मोरूचा चेहरा पडला. गिरजाबाईंनी सुनेकडे नीट निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, आपला गुडघा हल्ली बराच मोकळा झालाय.

चहा झाला. मोरू उठला, आईच्या हातातली काठी घेतली आणि शांतीला दिली.

"आये, तू बरी हायस. शांतीला कोण नाय. मी हितंच ऱ्हातो."

गिरजाबाईंना हायसं वाटलं. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. संध्याकाळच्या गाडीने त्या परत निघाल्या, तेव्हा मोरू आत शांतीसाठी पाणी गरम करत होता. काठी टेकत, डाव्या पायाने लंगडत, शांती सासूला पायरीपर्यंत सोडायला आली.

गिरजाबाईंनी पदर खोचला, पायऱ्या झपाझप उतरल्या आणि मागे वळून हळूच म्हणाल्या, "मघाशी उजवा व्हता गो. लंगडायचं तर एकाच पायानं लंगड. मी इतकी वर्षं डावाच धरून ठेवला, म्हणून तर तो घर सोडून कुठं गेला नाय."