संध्याकाळचा रकाना

पुढच्या महिन्याचा तक्ता लावता लावता तिच्या डोळ्यांदेखत चार तारखेच्या वेळा डावीकडे सरकल्या.

धरणाच्या कचेरीतून आलेली साध्या मजकुराची फाइल होती ती. तारीख, नदीत सकाळी पाणी कधी सोडणार, कधी बंद करणार, आणि पुढे संध्याकाळचं तेच. कचेरीतल्या कोणीतरी नुसत्या स्पेस मारमारून रकाने पाडले होते. छापखान्यात जुळणीला बसून तिला बारा वर्षं झाली होती. असलं काम तिच्या हातचा मळ. सगळ्या स्पेस एका फटक्यात काढायच्या, त्यांच्या जागी एकेक टॅब घालायचा, की झाला तक्ता. पण चार तारखेला सकाळी पाणी सोडायचंच नव्हतं, म्हणून तिथे मोकळी जागा होती. संगणकाने ती मोकळी जागा गिळून टाकली आणि संध्याकाळच्या वेळा उचलून सकाळच्या रकान्यात नेऊन बसवल्या.

म्हणजे मागच्या खेपेलाही हेच झालं असणार.

तिने चालू महिन्याचा छापील तक्ता पुढे ओढला. पाणी सोडताना वाजणारा धरणाचा भोंगा दुरुस्तीला गेल्यापासून हा कागद घरोघरी वाटला होता आणि सगळं गाव त्याच्यावर विसंबून होतं. दिसायला तक्ता देखणा होता, यात वाद नाही. उभ्या रेघा काढलेल्या, आकडे एकाखाली एक, एकाआड एक ओळ फिकट करडी. छापखान्याचे मालक तर म्हणाले होते, "असा तक्ता बघितला की माणूस डोळे झाकून विश्वास ठेवतो." ती दोन दिवस त्या कौतुकावर तरंगत होती.

तिचं बोट एकेका ओळीवरून उतरत बारा तारखेवर थांबलं. सकाळी चार ते सहा. संध्याकाळचा रकाना कोरा.

आज बारा तारीख होती. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

सकाळी हाच कागद वाचून तिने नवऱ्याला सांगितलं होतं, "आज संध्याकाळी पाणी नाही. तुला सुट्टी आहे तर लेकीला नदीवर ने, कधीची मागे लागलीय." तिने नवऱ्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली आणि थांबली. मग तिने धरणावर लावला.

"दरवाजा उघडला का हो?"

"उघडला की. चार म्हणजे चार," धरणावरचा माणूस खुशीत होता. "तक्ता झकास लावलात हं बाई. साहेबांनी काचेखाली ठेवलाय."

"बंद करा! आत्ताच्या आत्ता बंद करा. तक्ता चुकलाय. लोक नदीत असतील."

तो म्हणाला, "दरवाजा पाडतो मी. पण सुटलेलं पाणी काय हाक मारून परत येतं? वीस मिनिटांत तुमच्या पुलाशी पोचेल. पळा बाई, पळा."

ती पळाली. मालक मागून काहीतरी विचारत होते. रस्त्यात एक चप्पल तुटली, तशी दुसरीही तिने भिरकावून दिली. ती फक्त एवढंच म्हणत होती, नको, आज नको, ते घरीच असू देत.

ते घरी नव्हते. पुलाखालच्या पात्रात पंधरा-वीस माणसं होती. कोणी खडकांवर गप्पा मारत बसलेलं, कोणी चटई टाकून आडवं झालेलं. अगदी मधल्या सपाट दगडावर नवरा पँट दुमडून बसला होता आणि शेजारी चार वर्षांची लेक खड्यांचं घर रचत होती.

"वर या!" ती काठावरून ओरडली. "पाणी सोडलंय! सगळे वर या!"

काठाजवळच्या म्हाताऱ्या मास्तरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, मांडीवर नीट पसरला आणि चष्मा लावला. "उगाच घाबरवू नका, बाई. आज संध्याकाळी काही नाही. हे बघा, छापलंय."

"मीच छापलंय ते! चुकलंय माझं!"

दोघंतिघं मोकळेपणाने हसले. "छापणारीच म्हणते चुकलंय," चटईवरून कोणीतरी म्हणालं. तरी खात्री केलेली बरी म्हणून चारपाच जणांनी आपापले कागद बाहेर काढले आणि एकमेकांशी ताडून पाहिले. सगळ्यांच्या कागदांवर तेच होतं.

मधल्या दगडावरून नवऱ्याने हात हलवला. "अगं, सकाळी तूच वाचून दाखवलंस ना! ये की इकडे, डबक्यात मासे आहेत."

ती तशीच दगडांवरून खाली उतरायला लागली. वरच्या वळणावरचे बगळे एकदम सगळेच्या सगळे उडाले. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

लेकीने मान वर केली. तिला अजून वाचता येत नव्हतं. तिने आईच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, हातातले खडे टाकले आणि आईच्या दिशेने धूम ठोकली. "अगं पडशील, थांब," म्हणत बाप तिच्यामागे धावला.

बाकीचे अजून वाचत होते.