मुशीतल्या पाटल्या

मुशीतलं पितळ पातळ झालं होतं आणि व्यंकोजी बायकोच्या हातांकडे बघत उभा होता.

"काढ," तो म्हणाला. "तिरुविसनल्लूरच्या नटराजानें पंपाच्या चाकांत बायकोचें सोनें घातलें, म्हणून त्याचा पंप तेल कमी पितो."

"ह्या गोदाच्या पाटल्या," मीनाक्षीबाई म्हणाल्या, आणि काढू लागल्या. लेकीच्या लग्नासाठी राखलेलं तेवढंच उरलं होतं.

कुंभकोणमकडे देवाची मूर्ती ओतताना रसात सोनं टाकायची चाल जुनी. ती पंपातल्या पाणी फेकणाऱ्या चाकाला लावली नटराजानं. लढाईचे दिवस. विलायती चाकं मिळेनाशी झालेली, तेल रेशनकार्डावर, कालवा कोरडा. अशात वाटणीच्या तेलात त्याच्या पंपानं शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचवलं. मग गाव दुसरं कारण कशाला शोधतं? बुडत्याला काडीचा आधार, इथे काडी सोन्याची होती.

ओताऱ्यानं पाटल्या रसात सोडल्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत मीनाक्षीबाई बघत राहिल्या.

साचा तोच, ओतारी तोच, इंजिनही तसंच. तरी व्यंकोजीचा पंप धापा टाकत राहिला. अर्धं शेत भिजायच्या आत तेल संपायचं. भात पोटरीत यायच्या आधीच पिवळा पडला. मुलाकडच्यांनी पाटल्यांची चौकशी केली, उत्तर ऐकून घेतलं आणि सोयरीक दुसरीकडे जमवली. गोदा जेवेनाशी झाली.

"तूं मन मारून दिलेंस," व्यंकोजी बायकोला म्हणायचा. "देवास तें कळतें."

ऐकून ऐकून मीनाक्षीबाईंनाही तेच खरं वाटू लागलं. हसतमुखानं कसं द्यायचं, हे विचारायला त्या एका दुपारी तिरुविसनल्लूरला नटराजाच्या बायकोकडे गेल्या.

गोमती मागीलदारी बसली होती. पंपाचं चाक काढून मांडीवर घेतलेलं. चिंच आणि बारीक वाळू घेऊन पाकळ्यांच्या फटीत बोटं घालून ती घासत होती. मीनाक्षीबाईंनी आत बोट फिरवलं. ते कुठेच अडलं नाही, देवघरातल्या गडूवरून फिरावं तसं फिरलं. त्यांच्या घरचं चाक ओतून निघालं तसंच बसवलेलं होतं. त्यात बोट घातलं तर सोलवटायचं. बोट जिथे अडतं तिथे पाणीही अडत असणार, आणि तेल जळत असणार, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या उमगलं.

"हें कोणीं शिकविलें तुज?"

"कोणीं नाहीं, अक्का. भय शिकवितें. पाणी कमी आलें, तर हे विचारतील, सोनें घालूनही कां? म्हणून पंप थांबला कीं घासत बसतें."

"मग भय कसलें? सोनें तर तूं घातलेंच आहेस."

गोमतीनं घरात डोकावून पाहिलं. नटराज नव्हता. मग तिनं कमरेला खोचलेली गाठ सोडली.

आत तिच्या पाटल्या होत्या. मुशीत तिनं पितळेच्या टाकल्या होत्या.