दोषांचा रकाना

"मांगून किती सांडते जी?" पहिल्याच हार्वेस्टरभोवती एक फेरी मारून शालनबाईंनी विचारलं, आणि जयसिंगला गिऱ्हाईक कळलं. दाणा वाया जाऊ नये म्हणून जीव टाकणारी बाई.

चहाचा कप संपायच्या आत आपण माणूस ओळखतो, असं जयसिंग नेहमी सांगायचा. दुसरं कोणी सांगत नसे. धायरीतल्या त्याच्या आवारात बावीस वर्षं जुने हार्वेस्टर विकले गेले होते. आता त्या जागेवर बारा मजले उठणार होते. तीन यंत्रं उरली होती, ती हलवायला दुसरी जागा नव्हती आणि सोमवारी भंगारवाला येणार होता. पहिल्या दोन्हींचं काय व्हायचं ते होवो, पण तिसरं धडधाकट होतं. ते कापलं जाताना त्याला बघायचं नव्हतं.

गिऱ्हाईक म्हणजे मायलेकी. आम्रपाली कर्वेनगरला राहायची आणि आयटीत नोकरी करायची. जाहिरात तिनेच शोधली होती. तिचा भाऊ समाधान भंडाऱ्याकडच्या गावी चार हंगाम दुसऱ्याचं हार्वेस्टर चालवत होता, आता घरचं घ्यायचं ठरलं होतं. पैसे आम्रपालीचे, मेहनत समाधानची आणि होकार आईचा. आईने मान हलवल्याशिवाय त्या घरात कुकरसुद्धा आला नव्हता.

आम्रपालीने फोनमध्ये एकतीस प्रश्न लिहून आणले होते. यंत्रातले दोष पावतीवर लिहून मिळतील का, हा शेवटचा. जयसिंगने पावतीपुस्तकच पुढे केलं. दोषांचा रकाना छापलेला होताच. बावीस वर्षं त्यात तो एकच शब्द लिहीत आला होता: नाही.

पहिलं यंत्र ट्रॅक्टरवर बसवायचं. त्यावर दिवसभर बसलेला माणूस संध्याकाळी घरच्यांनाही ओळखू येत नसे, इतकी धूळ. मागून भुशाबरोबर दाणेही भरपूर पडत. जयसिंगने हे सगळं मोकळेपणाने सांगितलं, कारण भंगारात जाणाऱ्या मालाची निंदा फुकट करता येते. शालनबाई मात्र खुशीत हसल्या. त्याच्या गंजलेल्या पत्र्यावरून त्यांनी हातही फिरवला.

दुसरं स्वतःच्या इंजिनवर चालणारं. त्याला डोक्यावर छप्पर होतं, सांडणंही बेताचं, पण धानाच्या चिखलात त्याची चाकं रुतायची. शालनबाईंनी इथेही तेच विचारलं. थोडंफार सांडतं, असं कळल्यावर नुसतं "हूं" म्हणाल्या.

तिसऱ्यापाशी आल्यावर जयसिंगने शर्टाची कॉलर सारखी केली. याला चाकांऐवजी रबरी पट्टे होते, चिखलावरून ते आरामात जाई. केबिनला एसी होता. मागून दाणा सांडायला लागला की केबिनमध्ये लाल दिवा लागायचा. पोराचे दहावीचे मार्क सांगावेत तसं त्याने ते सांगितलं.

"मावशी, ह्याच्या मागं चिमणीसुद्धा उपाशी मरंल."

शालनबाईंचा चेहरा उतरला. त्या यंत्राच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मंग हे नाही."

चहा कधीच संपला होता. जयसिंगला वाटलं, बाईंचा विश्वास बसत नाहीये. त्याने इंजिन सुरू केलं, मागच्या चाळणीवर मूठभर गहू टाकला. पंख्याच्या वाऱ्याने दाणे बाहेर उडाले आणि लाल दिवा लागला. मग त्याने एक खटका फिरवून पंखा हळू केला, तसा दिवा विझला. जादूगाराच्या ऐटीत त्याने शालनबाईंकडे पाहिलं.

शालनबाई उठून जवळ आल्या. तोच खटका उलटा फिरवला तर सांडेल का, असं त्यांनी विचारलं. जयसिंगने आम्रपालीकडे पाहिलं. आम्रपालीने फोनकडे पाहिलं. हा प्रश्न एकतिसांत नव्हता.

मग शालनबाईंनी सांगितलं. विळ्याने कापणी व्हायची तेव्हा वावरात पडलेल्या लोंब्या वेचणारीच्या असत. तो सरवा. ज्यांना वितभर जमीन नव्हती, त्यांची चूल त्यावर पेटायची. आम्रपालीच्या बारावीपर्यंतच्या वह्या सरव्यातून आल्या होत्या. ती स्वतः फ्रॉकचा ओचा करून लोंब्या वेचायची. आता त्यांच्या घरची तीन एकर झाली होती, आणि कापणीच्या दिवशी बांधावर अजून चार बाया टोपल्या घेऊन येऊन बसत. गावात यंत्रं आल्यापासून त्यांच्या टोपल्या रिकाम्याच परत जात होत्या.

आम्रपालीला हे सगळं आठवत होतं. एकतीस प्रश्न लिहिताना ते आठवलं नाही, याची तिला लाज वाटली. तिने लगेच तोड काढली, की त्या चौघींना दरसाल पोतंभर तांदूळ देऊन टाकू.

"देल्लं त भीक होते, बाई. वेचलं त आपलं रायते."

आम्रपालीने फोन पर्समध्ये टाकला. जयसिंगने चाळणीवर आणखी गहू टाकला आणि सांगितलं, खटका उलटा फिरवला की सांडेल. भाड्याने दुसऱ्याच्या वावरात गेल्यावर एक दाणा सांडता कामा नये, शालनबाईंनी बजावलं, पण आपल्या वावरात बांधाकडच्या दोन पट्ट्या कापताना दिवा लागलाच पाहिजे. जयसिंगने खटका किती फिरवायचा ते त्यांना तीनदा दाखवलं आणि समाधानसाठी तिथे पांढऱ्या रंगाची खूणही केली. शालनबाईंनी एकदा आपल्या हाताने खटका फिरवला, दिवा लागलेला पाहिला आणि मान हलवली.

जयसिंगने पावती लिहायला घेतली. दोषांच्या रकान्याशी येऊन सवयीने 'ना' लिहिला, थांबला आणि खोडला. मग सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: दाणा सांडतो. दुरुस्त करू नये.